उसाच्या पेशीत डोकावणाऱ्या डॉ. जानकी अम्माल



आपल्या रहिमतपूर परिसरात ज्याच्याकडे थोडेफार पाण्याखालचे रान आहे, त्याच्याकडे ऊस असतोच. मिस्सा आटोपून चर्चच्या अंगणात माणसे बोलत उभी राहिली की लागणीच्या दिवसांत पहिला प्रश्न ठरलेला असतो, बेणे कोणते घेतले? कोणी शहाऐंशी शून्य बत्तीस म्हणतो, कोणी दोनशे पासष्ट. आपल्या वडीलधाऱ्यांना सातशे चाळीस आठवतो, आणि त्यांच्याही वडिलांनी पुंड्या उसाच्या गोष्टी सांगितलेल्या असतात. पण को ८६०३२ या नावातले 'को' हे अक्षर कशाचे, हे आम्ही चार-पाच जणांना विचारले तेव्हा एकालाच सांगता आले. ते अक्षर कोईमतूरचे आहे. तामिळनाडूतील त्या शहरात १९१२ पासून उसाच्या नव्या जाती तयार करणारे केंद्र आहे. भारतात आज जो ऊस उभा आहे, त्यातील बहुतेकाचे गोत्र त्या केंद्राशी कोठे ना कोठे जुळते.

त्या केंद्रात १९३४ ते १९३९ या काळात एक बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उसाची गुणसूत्रे मोजत बसत. त्यांचे नाव डॉ. जानकी अम्माल. त्या ख्रिस्ती नव्हत्या, आणि आपल्या भागातल्याही नव्हत्या. तरी या रविवारी त्यांचे चरित्र सांगावे असे आम्हांला वाटले. याची कारणे दोन. एक, आपल्या शेतात जे उभे आहे ते समजून घेण्याची वाट त्यांच्या कामातून जाते. दुसरे कारण लेखाच्या शेवटी येईल.

थलश्शेरीचे घर

एडवलेथ कक्कट जानकी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातील थलश्शेरी गावी झाला. वडील ई. के. कृष्णन हे मद्रास इलाख्यात न्यायखात्यात सबजज्ज होते. कोर्टातून घरी आले की त्यांचे मन बागेत आणि पक्ष्यांत रमे. घर मोठे, भावंडे भरपूर. वडिलांच्या बागेत फिरता फिरता झाडांची नावे मुलांना पाठ होत. जानकीला ती गोडी लागली ती कायमची.

हे कुटुंब थिय्या समाजाचे. त्या काळी केरळात जातीची उतरंड फार कडक होती आणि या समाजाला खालचे मानले जाई. घरात शिक्षण होते, वडिलांना हुद्दा होता, तरी बाहेरच्या जगात जातीचा शिक्का पुसला जात नव्हता. जानकीबाईंना पुढे नोकरीतही त्याचा अनुभव आला.

त्यांचे शालेय शिक्षण थलश्शेरीतील सेक्रेड हार्ट कॉन्व्हेंटमध्ये झाले. मुलींना शाळेत घालणे हीच जेव्हा मोठी गोष्ट होती, तेव्हा धर्मभगिनींनी चालवलेल्या अशा शाळांनी अनेक घरांतील मुलींना अक्षर दिले, हे आपल्याला ठाऊक आहेच. पुढे त्या मद्रासला गेल्या. क्वीन मेरीज कॉलेजातून पदवी आणि १९२१ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून वनस्पतिशास्त्राची ऑनर्स पदवी त्यांनी मिळवली. त्यानंतर मद्रासच्याच विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात त्या शिकवू लागल्या.

लग्न की शिक्षण?

घरात एकामागून एक बहिणींची लग्ने होत होती. जानकीचेही नात्यातल्याच एका मुलाशी जमवण्याचे घाटत होते. त्याच सुमारास अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची बार्बर शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. आशियातील मुलींना उच्च शिक्षण मिळावे म्हणून ही शिष्यवृत्ती दिली जाई. जानकीबाईंनी बोट धरली ती अमेरिकेची. हे १९२४ साल होते. आपल्याकडे तेव्हा मुलगी तालुक्याच्या गावी शिकायला जाणे हीसुद्धा चर्चेची बाब होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे वजन कळते.

मिशिगनला त्यांनी एम. एस. केले, मायदेशी येऊन पुन्हा शिकवले, आणि परत तेथेच जाऊन १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांचा विषय होता वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रे. वांगी-टोमॅटोच्या कुळातील निकॅन्ड्रा नावाच्या झाडावर त्यांनी प्रबंध लिहिला. अमेरिकेत वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. लग्न त्यांनी शेवटपर्यंत केले नाही.

१९३२ ते १९३४ अशी दोन वर्षे त्यांनी त्रिवेंद्रमच्या महाराजा कॉलेजात प्राध्यापकी केली आणि मग त्या कोईमतूरला आल्या.

कोईमतूरची पाच वर्षे

त्या काळचा प्रश्न असा होता. जगात गोड, जाड, रसाळ ऊस होता. त्याचे मूळ न्यू गिनी बेटाकडचे. आपल्याकडचा पुंड्या त्याच जातकुळीचा. खायला उत्तम, पण नाजूक. रोग आला, थंडी पडली, पाणी कमी पडले की तो मान टाकी. दुसरीकडे आपल्याच देशात नदीनाल्यांच्या काठी पांढऱ्या तुऱ्यांचे रानटी गवत माजते. संस्कृतात त्याला काश म्हणतात. त्यात साखर नाममात्र, पण काटकपणा असा की कापा, जाळा, पुरात बुडवा, ते पुन्हा फुटणारच. हे गवत उसाचे सख्खे नातलग आहे.

कोईमतूरच्या केंद्रात सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी या दोघांचे लग्न लावून दिले. त्यातून १९१८ मध्ये को २०५ ही जात शेतकऱ्यांच्या हाती आली. गोडवा एकाचा आणि कणखरपणा दुसऱ्याचा. पुढे हा संकर किती वेळा करायचा, कोणाशी करायचा, कोणत्या रोपात काय उतरेल, हे कळण्यासाठी उसाच्या पेशीत नेमके काय आहे ते पाहणे गरजेचे होते. ते काम जानकीबाईंनी हाती घेतले.

शाळेत आपण शिकलो आहोत की माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून. उसाचा हिशेब असा सरळ नाही. गोड उसात ८० गुणसूत्रे असतात. काशगवतात तर ठिकाणागणिक आकडा बदलतो. आज आपल्याला ठाऊक आहे की तो ४० पासून १२८ पर्यंत जातो. जानकीबाईंनी भारतातील निरनिराळ्या भागांतले काशगवत जमवून त्याची गुणसूत्रे मोजली आणि १९३६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. उसाचे हे रानटी नातलग भारतभूमीचे जुने रहिवासी आहे आणि त्याची कुटुंबे देशभर कशी पसरली आहेत, हे त्या मोजणीतून स्पष्ट होत गेले. त्यांनी उसाचा संकर त्याच्या दूरच्या नातलगांशीही करून पाहिला. १९३८ मध्ये त्यांनी ऊस आणि मका यांच्या संकराची माहिती प्रसिद्ध केली. शेतात लावण्यासाठी ते पीक नव्हतेच. कोण कोणाचे किती जवळचे, हे ताडून पाहण्याची ती रीत होती.

उसाच्या या लग्नात एक नवल घडते. जावा बेटावर काम करणाऱ्या डच शास्त्रज्ञांनी ते १९२० च्या दशकात ओळखले. गोड ऊस आई आणि काशगवत बाप असा संकर केला, तर बाप रीतीप्रमाणे आपली निम्मीच गुणसूत्रे देतो. आई मात्र बहुधा आपली सगळीच्या सगळी ८० देऊन टाकते. म्हणून आजच्या उसात गोड उसाचा वाटा मोठा, सुमारे चार हिश्श्यांपैकी तीन हिश्श्यांहून अधिक आहे. एकूण गुणसूत्रे साधारण १०० ते १३० च्या घरात जातात.

जादा प्रतींचे काय होते?

आता कोणी विचारेल, गुणसूत्रे जास्त झाली तर झाली, त्याने काय बिघडले? ही गोष्ट समजायला स्वयंपाकघरात जावे लागेल.

समजा, आजीच्या हातची लोणच्याची एक वही घरात आहे. ती एकच असेल तोवर तिच्यात कोणी खाडाखोड करत नाही. एक माप चुकले तर वर्षाचे लोणचे बुरसणार. पण तिची झेरॉक्स काढली की गोष्ट बदलते. मूळ वही कपाटात सुरक्षित आहे म्हटल्यावर दुसऱ्या प्रतीवर सून बिनधास्त खुणा करते. त्यातून चार गोष्टी होऊ शकतात. बऱ्याच वेळा ती प्रत तेलाने भिजते, पाने गळतात आणि ती कामातून जाते. कधी दोन्ही प्रती तशाच राहतात आणि दोन चुलींवर एकदम दुप्पट लोणचे होते. कधी एका वहीतली कैरीची पाने शाबूत राहतात, दुसरीतली लिंबाची, मग दोन्ही मिळून काम भागते. आणि क्वचित एखाद्या प्रतीवरची खाडाखोड अशी जमून येते की तीतून अगदी नवाच पदार्थ तयार होतो.

पेशीतल्या वहीला जनुक म्हणतात. जनुकांच्या जादा प्रती दोन प्रकारे होतात. कधी नकलताना चुकून एखाद्याच पानाची दुसरी प्रत शेजारी चिकटते. कधी सगळे कपाटच दुप्पट होते, म्हणजे गुणसूत्रांचा पूर्ण संच दुसऱ्यांदा येतो. वनस्पतींत ही दुसरी गोष्ट प्राण्यांपेक्षा फार सहज घडते. तृणकुळाच्या पूर्वजात असे एक दुपटीकरण सुमारे सात ते दहा कोटी वर्षांपूर्वी घडले. म्हणून ज्वारी, भात, गहू, मका आणि ऊस, या सर्वांच्या पेशींत त्या जुन्या जोड्यांच्या खुणा अजून सापडतात. बहुतेक जोड्यांतला एक भिडू हरवला आहे, काही जोड्या मात्र टिकल्या आहेत.

आपल्या ताटातलीच उदाहरणे घ्या. खपली गव्हात २८ गुणसूत्रे आहेत, कारण त्यात दोन रानगवतांचे संच एकत्र नांदतात. पोळीच्या नेहमीच्या गव्हात ४२, कारण त्यात तिसऱ्या गवताची भर पडली. म्हणून या गव्हात बहुतेक जनुके तीन-तीन जागी असतात. स्वीडनच्या निल्सन-एले या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दाखवून दिले की दाण्याचा लाल रंग अशाच तीन जनुकांच्या हाती असतो. तिघांपैकी एक जरी शाबूत असले तरी दाणा लालसर येतो. दाणा पांढरा यायला तिन्ही निकामी व्हावी लागतात. तिन्ही जागी भेद असलेल्या रोपाच्या संततीत असे ६४ मध्ये एखादेच निघते. हळदीत तीन संच मिळून ६३ गुणसूत्रे आहेत. तिघांची जोडी जमत नाही, म्हणून हळदीला फूल आले तरी बी सहसा धरत नाही आणि आपण कंदच लावतो. केळ्यात बी नसते त्याचेही कारण तेच.

उसात तर एकेका जनुकाच्या आठ-दहा, कधी बारा प्रती असतात. ज्वारी ही उसाची जवळची नातलग. तिच्या पेशीत जे पान एकदा लिहिलेले असते, ते उसात डझनभर वेळा लिहिलेले असते आणि प्रत्येक प्रतीत थोडा फरक असतो. याचा फायदा असा की एखादी प्रत बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. तोटा असा की चांगला किंवा वाईट गुण इतर प्रतींच्या गर्दीत लपून राहतो. म्हणून उसाची नवी जात काढायला हजारो रोपे लावून, वर्षानुवर्षे निवडत बसावे लागते. आपल्या सातारा जिल्ह्यातील पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात, जे १९३२ पासून चालू आहे, हेच काम चालते. कोईमतूरच्या संकरातून निवडलेला को ७४० तेथूनच १९५६ मध्ये आपल्या शेतांत आला आणि पुढे को ८६०३२ आला.

२०२४ मध्ये जगातील शास्त्रज्ञांनी आर ५७० या उसाच्या जातीची सगळी जनुकीय वही वाचून प्रसिद्ध केली. तिच्यात ११४ गुणसूत्रे आहेत आणि ती वही माणसाच्या वहीच्या तिप्पट जाड आहे. आपण ज्याला तांबेरा म्हणतो, त्या रोगाला रोखणारी एक जागा तिच्यात सापडली. तेथे एकाच घराण्यातील दोन जनुके अगदी शेजारी-शेजारी आहेत आणि रोग रोखण्यात दोघांचा हात असावा असा अभ्यासकांचा कयास आहे. जी गुणसूत्रे १९३० च्या दशकात जानकीबाई एकेक करून मोजत होत्या, ती आज अक्षर अक्षर वाचता येऊ लागली आहेत.

बॉम्बवर्षावातले लंडन

कोईमतूरला काम उत्तम चालले होते. १९३५ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने त्यांना फेलो म्हणून निवडले. पण केंद्रातले वातावरण सुखाचे नव्हते. एकटी राहणारी, बिनलग्नाची, खालच्या मानलेल्या जातीतली बाई बरोबरीने बसते, हे काही पुरुष सहकाऱ्यांना रुचत नव्हते. त्यांनी तेथे भांडत बसण्यात आयुष्य घालवले नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये एडिंबरोच्या जागतिक आनुवंशशास्त्र परिषदेला त्या गेल्या. परिषद चालू असतानाच महायुद्धाचे ढग दाटले, आणि त्या इंग्लंडमध्येच राहिल्या.

१९४० ते १९४५ त्या लंडनजवळच्या जॉन इन्स संस्थेत काम करत होत्या. रात्री बॉम्ब पडत. भोंगा वाजला की त्या पलंगाखाली शिरत आणि सकाळी प्रयोगशाळेतल्या फळ्यांवरच्या काचा झटकून पुन्हा कामाला लागत, असे त्यांच्या ओळखीची माणसे सांगत. साडीच्या निऱ्यांत लपवून त्यांनी भारतातून एक खार इंग्लंडला नेली होती, असेही सांगतात. तिचे नाव कपोक. इतक्या मोठ्या विदुषीच्या खोलीत खार बागडते आहे हे चित्र आम्हांला फार आवडले.

त्या युद्धाच्या वर्षांत त्यांनी सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर एक ग्रंथ सिद्ध केला. लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा हा कोश १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातल्या हजारो पिकांची, फुलझाडांची, फळझाडांची गुणसूत्रसंख्या त्यात एकत्र मिळते. एखादे पीक कोठून आले, त्याचे संच किती वेळा दुप्पट झाले, कोणाशी त्याचा संकर जमेल, हे शोधणाऱ्याला हा कोश हाताशी लागे.

पुढे १९४६ ते १९५१ त्या विस्ली येथील शाही उद्यानसंस्थेत होत्या. तेथे त्यांनी कॉल्चिसिन या द्रव्याचा वापर केला. आपल्या डोंगरात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे फूल येणारी कळलावी आपण पाहिली असेल. तिच्या कंदातही हेच विषारी द्रव्य असते. पेशी दुभंगताना गुणसूत्रे वेगळी होतात, ती क्रिया या द्रव्याने थांबते आणि संच दुप्पट होऊन बसतो. १९३७ मध्ये हा उपाय कळला. म्हणजे निसर्ग हजारो वर्षांत जे करतो ते माणसाला बागेत करून पाहता येऊ लागले. जानकीबाईंनी आपल्या सोनचाफ्याच्या कुळातील मॅग्नोलियाच्या रोपांवर तो प्रयोग केला. त्यातील एका जातीला आजही त्यांचे नाव आहे. विस्लीच्या बागेत त्यांच्या हातची झाडे पुढे कित्येक वर्षे फुलत राहिली.

परत मायदेशी

१९५१ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही १८९० सालची सरकारी संस्था मरगळली होती. तिला पुन्हा उभे करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. इंग्लंडमधली स्थिर नोकरी सोडून त्या आल्या. संस्थेची नवी घडी कशी असावी याचा आराखडा त्यांनी केला. भारतातील झाडांचा अभ्यास भारतात व्हावा, नमुने परदेशी संग्रहांत अडकून पडू नयेत, असा त्यांचा आग्रह होता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती आपल्या ख्रिस्तसभेच्या एका थोर माणसाशी निगडित आहे. १९५४ मध्ये या संस्थेचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून जानकीबाईंची नेमणूक झाली नाही. ती झाली येशूसंघी धर्मगुरू फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांची. फादर मूळचे स्पेनचे, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे प्राध्यापक. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले होते. खंडाळा आणि पुरंदर येथील वनस्पतींवरचे त्यांचे ग्रंथ सह्याद्रीच्या अभ्यासकाला आजही लागतात, आणि त्यांची योग्यता कोणी नाकारत नाही. पण जानकीबाईंना ही निवड जिव्हारी लागली. भारतीय संस्थेच्या शिखरावर पुन्हा युरोपात जन्मलेला आणि लंडनच्या क्यू उद्यानाच्या परंपरेतला माणूस आला, असे त्यांना वाटले. आपल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून ती खंत त्यांनी लपवली नाही. आम्ही येथे कोणाला दोषी ठरवू इच्छीत नाही. दोघांनीही या देशाच्या झाडापेडांवर जीव ओतला. पण चांगल्या माणसाची नेमणूक होत असतानाही दुसऱ्या चांगल्या माणसाच्या मनाला घाव बसू शकतो, हे आपण विसरू नये.

त्यांनी काम सोडले नाही. अलाहाबादच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत, पुढे जम्मूला, आणि काही काळ आपल्या महाराष्ट्रात मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांनी काम केले. हिमालयाच्या झाडांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की ईशान्येकडच्या थंड, दमट भागात झाडांच्या जाती जास्त फुटतात आणि तेथे गुणसूत्रांचे संच दुप्पट-चौपट झालेल्या वनस्पतीही जास्त आढळतात. वायव्येकडच्या थंड पण कोरड्या भागात तसे नाही. जादा प्रती मिळाल्या की झाडाला नव्या जागी तगण्याची जादा संधी मिळते, हा विचार त्यांच्या साऱ्या कामातून वाहतो.

एका प्रसंगाने त्यांना फार हलवले. आसामच्या त्या भागात एका दुर्मीळ मॅग्नोलियाचे एकच झाड उरले आहे असे कळल्यावर त्या शिलाँगहून मुद्दाम ते पाहायला गेल्या. पोचल्या तेव्हा ते जळून गेले होते. जास्त धान्य पिकवण्याच्या मोहिमेत जंगल साफ होत चालले होते. ज्या बाईने पिकांची उपज वाढावी म्हणून तरुणपणीची वर्षे दिली, तिलाच आता दिसू लागले की नव्या पिकाच्या हव्यासात जुने रान गेले तर उद्याचा संकर कशाशी करणार? काशगवत नसते तर आपला ऊसही उभा राहिला नसता. १९५५ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे माणसाने पृथ्वीचे रूप कसे पालटले या विषयावर मोठी परिषद झाली. तेथे बोलावलेल्या तज्ज्ञांत त्या एकट्याच स्त्री होत्या.

शेवटची वर्षे

१९७० मध्ये त्या मद्रासला स्थायिक झाल्या. शहराबाहेर मदुरावोयल येथील प्रायोगिक शेतावर त्या औषधी वनस्पतींची जोपासना करत. गरजा मोजक्या, राहणी साधी, अंगावर बहुधा पिवळ्या रंगाची साडी, आणि भोवती मांजरांचे मोठे कुटुंब. १९७७ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

केरळातील सायलेंट व्हॅली या घनदाट रानात धरण बांधून वीज काढायचे ठरले तेव्हा ऐंशीच्या घरातल्या या बाईंनी विरोध केला. नुसता विरोध करून न थांबता त्या रानातील झाडांच्या गुणसूत्रांची नोंद करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. पाण्याखाली जाण्याआधी निदान तेथे काय आहे ते तरी लिहून ठेवू, असा तो विचार होता. धरणाचा बेत १९८३ मध्ये सोडून देण्यात आला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी मदुरावोयलच्या आपल्या प्रयोगशाळेतच काम करत असताना जानकीबाईंनी देह ठेवला. वय ८६ होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात सायलेंट व्हॅलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

त्यांच्या नावाने केंद्र सरकार आज वनस्पती आणि प्राणी यांच्या वर्गीकरणशास्त्रासाठी पुरस्कार देते.

आपल्या घरासाठी

लेखाच्या सुरुवातीला आम्ही दोन कारणे सांगितली होती. दुसरे कारण हे.

दर वर्षी मे-जून महिन्यात दहावी-बारावीचे निकाल लागतात. आपल्या धर्मग्रामातल्या मुली चांगले गुण मिळवतात, पेढे वाटले जातात आणि आपण टाळ्या वाजवतो. मग पावसाळा संपता संपता कोठेतरी कळते की अमुक मुलीचे शिक्षण थांबले, स्थळ आले आहे. कधी अडचण खरी असते, पैसे नसतात, प्रवास लांबचा असतो. पण कधी अडचण एवढीच असते की लोक काय म्हणतील. हे लिहिताना आम्ही स्वतःला वेगळे काढत नाही. असे निर्णय आमच्याही घरांत झाले आहेत आणि आज त्यांचे वाईट वाटते.

शंभर वर्षांपूर्वी थलश्शेरीच्या एका घरात ठरत आलेले लग्न बाजूला राहिले आणि मुलगी शिकायला गेली. त्या घरालाही लोक काहीतरी म्हणालेच असतील. ती मुलगी पुढे ज्या केंद्रात बसून गुणसूत्रे मोजत होती, त्याच केंद्राच्या जाती आज आपल्या पाटाच्या पाण्यावर वाढत आहेत. हे तिचे एकटीचे श्रेय नव्हे. बार्बर, वेंकटरामन, पाडेगावचे निवडकार, आणि उन्हात रोपे लावणारे शेतमजूर, सर्वांचे ते आहे. पण त्यात तिचा वाटा आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना तो माहीत होता.

परमेश्वराने एकेका झाडाच्या पेशीत एवढे भांडार साठवून ठेवले आहे. ते उघडून पाहण्याची बुद्धीही त्यानेच दिली आहे, आणि ती देताना मुलगा-मुलगी, वरची-खालची जात असा भेद केलेला नाही. या हंगामात बेणे निवडताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, डोळा ठसठशीत आहे का ते पाहतो, काणी लागलेले बेणे बाजूला काढतो. घरातल्या लेकीच्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय घेतानाही तेवढीच चौकशी करावी, तेवढाच वेळ द्यावा, आणि तिला स्वतःला विचारावे, एवढीच आमची विनंती आहे. ज्या कुटुंबाला फी किंवा प्रवासाची अडचण असेल, त्यांनी संकोच न करता फादरांना भेटावे. वाट काढण्यासाठी आपण सर्वजण मिळून बसू.